जुन्या ऑटोमॅटिक गाडीत गिअर अधूनमधून दणक्याने बदलतो: दोष कुठे शोधावा?

धागाकर्ता

माझी गाडी २१ वर्षांची असून १,८२,००० किलोमीटर चालली आहे. तिच्यात चार गिअरचा, इलेक्ट्रॉनिक नियंत्रण असलेला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे आणि शक्ती मागच्या चाकांना जाते. गेल्या पाच महिन्यांपासून तिला एक विचित्र त्रास सुरू झाला आहे. पहिल्यावरून दुसऱ्या गिअरवर जाताना कोणी मागून ढकलावे तसा दणका बसतो. दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जातानाही बसतो, पण थोडा कमी. सिग्नलला थांबून पार्कमधून रिव्हर्स किंवा ड्राइव्हमध्ये लिव्हर टाकला, तर गाडी जागेवरच हादरते. मात्र हे रोज होत नाही. सलग सहा-सात दिवस गाडी अगदी लोण्यासारखी चालते आणि मग एखाद्या दिवशी अर्धा-पाऊण तास झाल्यावर अचानक हा प्रकार सुरू होतो.

गिअरबॉक्सचे तेल मी दीड वर्षापूर्वी, उत्पादकाने सांगितलेल्याच प्रकारचे वापरून बदलून घेतले होते. तेलाचा रंग अजून लालसर आहे आणि जळका वास येत नाही. इंजिनाचा दिवा डॅशबोर्डवर एकदाही लागलेला नाही. साधा कोड-रीडर लावून पाहिला, तर कोणताही कोड नोंदलेला आढळला नाही.

ज्या गॅरेजमध्ये गाडी दाखवली, तिथे ती दोन तास फिरवूनही दोष दिसला नाही. त्यांनी बॅटरीची जोडणी काही वेळ काढून पुन्हा लावली. त्यानंतर आठ दिवस गाडी व्यवस्थित चालली आणि नवव्या दिवशी दणके परत आले. आता गिअरबॉक्स उतरवून पूर्ण ओव्हरहॉल करावा, असे तिथले मत आहे. जो दोष त्यांनी स्वतः पाहिलाच नाही, त्यासाठी इतके मोठे काम काढायला माझे मन तयार होत नाही. ही गाडी माझ्या वडिलांची होती आणि ती मला आणखी बरीच वर्षे चालवायची आहे. घाईघाईने उघडलेला गिअरबॉक्स पुन्हा पूर्वीसारखा होत नाही, असे अनेकांकडून ऐकले आहे. गिअरबॉक्स न उघडता काय काय तपासता येईल आणि कोणत्या क्रमाने, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

जुना_पाना

तुम्ही थांबलात हे योग्य केलेत. मी बरीच वर्षे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे काम करत आहे. सतत येणाऱ्या दोषापेक्षा अधूनमधून येणारा दोष वेगळ्या रीतीने हाताळावा लागतो, एवढे अनुभवातून शिकलो आहे. गिअरबॉक्सच्या आतली, गिअर पकडून धरणारी क्लच प्लेट झिजली असेल, तर ती एका आठवड्यात झिजलेली आणि पुढच्या आठवड्यात कोरी असे होत नाही. जो दोष पूर्णपणे नाहीसा होऊन परत येतो, त्याच्या मुळाशी बहुधा सुटून पुन्हा जुळणारी वस्तू असते, म्हणजे विजेची जोडणी, अडकून सुटणारा व्हॉल्व्ह किंवा चुकीचे आकडे पाठवणारा सेन्सर.

सर्वांत आधी तेलाची पातळी योग्य पद्धतीने पाहा, कारण अनुभवी माणसेही इथे चुकतात. बहुतेक गाड्यांत तेल पूर्ण गरम झाल्यावर, गाडी सपाट जागी उभी करून, लिव्हर प्रत्येक गिअरमधून एकदा फिरवून पार्कमध्ये आणून, इंजिन चालू ठेवूनच डिपस्टिक पाहायची असते. होंडाच्या अनेक मॉडेलांत मात्र इंजिन बंद केल्यावर लगेच पाहायची असते, म्हणून आपल्या गाडीच्या पुस्तिकेत काय लिहिले आहे ते वाचणे आवश्यक आहे. गरम झाल्यावर तेल प्रसरण पावते, त्यामुळे थंड असताना ‘गरम’च्या खुणेपर्यंत भरलेले तेल प्रत्यक्षात जास्त झालेले असते. मग फिरणारे भाग ते घुसळतात, तेलाला फेस येतो आणि फेसाळलेल्या तेलाचा दाब स्थिर राहत नाही. तेल कमी असेल तर पंप हवा ओढतो आणि परिणाम जवळपास तोच होतो.

दुसरे म्हणजे, जाणवणारा दणका खरोखर गिअर बदलण्याचाच आहे का, याची खात्री करा. इंजिनाच्या किंवा गिअरबॉक्सच्या माउंटिंगचे (बॉडीला धरून ठेवणाऱ्या आधाराचे) रबर फाटले असेल, मागच्या चाकांकडे शक्ती नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसमध्ये (सांध्यात) खेळ आला असेल किंवा डिफरन्शियलमध्ये, म्हणजे दोन मागच्या चाकांत शक्ती वाटणाऱ्या गिअरच्या पेटीत, मोकळेपणा असेल, तर गिअर नीट बदलत असतानाही धक्का मोठा वाटतो. मदतनीसाला ब्रेक घट्ट दाबून बसवा, बॉनेट उघडे ठेवा, स्वतः गाडीच्या बाजूला उभे राहा आणि त्याला लिव्हर रिव्हर्समधून ड्राइव्हमध्ये टाकायला सांगा. इंजिन किती उचलले जाते ते डोळ्यांनी दिसेल.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. दणक्याच्या आधी आरपीएमचा काटा क्षणभर वर उसळतो की नाही, हे बारकाईने पाहा. काटा उसळून मग दणका बसत असेल, तर क्लच आधी घसरतो आणि मग एकदम पकडतो, म्हणजे दाब कमी पडतो आहे किंवा उशिरा पोहोचतो आहे. काटा न उसळता तत्काळ खाली येऊन दणका बसत असेल, तर क्लच गरजेपेक्षा जास्त जोराने पकडला जात आहे, म्हणजे दाब जास्त आहे. या दोन दोषांची कारणे आणि उपाय परस्परविरुद्ध आहेत.

तोपर्यंत एक वही गाडीत ठेवा. दोष आला की वेळ, गाडी किती मिनिटे चालली होती, कोणता गिअर, अ‍ॅक्सिलरेटर किती दाबलेला होता, चढ होता की सपाट रस्ता, पाऊस, दिवे आणि एसी चालू की बंद, हे सगळे लगेच लिहा. दोन आठवड्यांच्या नोंदी हाती आल्या की बोलू.

दुसरा_गिअर

माझ्या जुन्या गाडीत असाच त्रास होता आणि यंत्राने गिअरबॉक्स पूर्ण फ्लश करून (सगळे जुने तेल बाहेर ढकलून) घेतल्यावर तो गेला. धागाकर्त्यांनी आधी तोच साधा उपाय करून पाहावा, असे मला वाटते. नुसते तेल काढून भरले तर टॉर्क कन्व्हर्टरमधले (इंजिनाची शक्ती तेलातून गिअरबॉक्सला देणाऱ्या भागातले) जुने तेल आतच राहते, त्यामुळे दीड वर्षापूर्वी झालेला बदल अपुरा असण्याची शक्यता आहे.

जुना_पाना

तेलाबद्दलचे तुमचे म्हणणे बरोबर आहे. खालचा बोल्ट किंवा पॅन काढून तेल सोडले, तर एकूण तेलाचा काही भागच बाहेर येतो आणि उरलेले कन्व्हर्टरमध्ये व नळ्यांमध्ये राहते. तरीही या गाडीवर आत्ता यंत्राने फ्लश करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. फ्लश केल्यावर दोष आठ दिवस आला नाही, तर तो फ्लशमुळे गेला की नेहमीप्रमाणे विश्रांतीला गेला, हे कोणालाच सांगता येणार नाही. बॅटरीची जोडणी काढण्याने आधीच असा एक गोंधळ झाला आहे. तपासाच्या काळात गाडीत जितके कमी बदल होतील, तितका दोष लवकर सापडतो.

पॅन काढून तळाच्या चुंबकावर काय साचले आहे ते पाहायला मात्र हरकत नाही. बारीक करड्या रंगाचा लगदा या वयाच्या गाडीत सर्वसाधारण समजावा. चमकदार धातूचे तुकडे किंवा क्लचच्या अस्तराचा काळा चुरा भरपूर असेल, तर विषय वेगळा होतो.

धागाकर्ता

१६ दिवसांच्या नोंदी झाल्या आहेत. त्या काळात दोष चार वेळा आला.

चारही वेळा गाडी ३५ मिनिटांहून अधिक चालून पूर्ण गरम झालेली होती. पावसाचा, दिव्यांचा किंवा एसीचा काही संबंध दिसला नाही. चारांपैकी तीन वेळा दोष चढावर जोर देऊन वेग घेतल्यानंतर लगेच सुरू झाला आणि एकदा खड्ड्यातून गाडी आदळल्यानंतर. आरपीएमचा काटा कधीच उसळला नाही, उलट गिअर बदलताना तो झर्रकन खाली येतो. दणका सगळ्याच गिअरना बसतो. अ‍ॅक्सिलरेटर अगदी हलका ठेवला तरी त्याचा जोर कमी होत नाही.

आणखी एक गोष्ट लक्षात आली. दोष सुरू झाला की तो गाडी बंद करेपर्यंत टिकतो. तिसऱ्या वेळी मी रस्त्याच्या कडेला थांबून चावी पूर्ण बंद केली आणि साधारण १५ सेकंदांनी पुन्हा इंजिन चालू केले. त्याच क्षणापासून गाडी पुन्हा मऊ चालू लागली. तेल तर तितकेच गरम होते. चौथ्या वेळीही हाच अनुभव आला.

माउंटिंगही पाहिले. लिव्हर ड्राइव्हमध्ये टाकल्यावर इंजिन एका बाजूने चांगले बोटभर उचलले जाते. त्या बाजूच्या माउंटिंगचे रबर धातूच्या पट्टीपासून सुटले आहे. परंतु ते तर रोजच सुटलेले असते आणि दणका मात्र रोज बसत नाही, म्हणून ते वेगळे दुखणे समजून मी तूर्त बाजूला ठेवले आहे.

पॅनमधल्या चुंबकावर फक्त बारीक करडा थर होता.

तारजोड

मी वाहनांच्या वायरिंगचे काम करतो, त्यामुळे माझा कल विजेकडे झुकणार हे आधीच सांगतो. तरीही तुमच्या नोंदी खरोखर बोलक्या आहेत.

सगळे गिअर एकाच वेळी बिघडतात आणि एकाच वेळी सुधारतात, यावरून दोष एखाद्या विशिष्ट गिअरच्या क्लचमध्ये किंवा अक्युम्युलेटरमध्ये नाही, हे जवळपास नक्की होते. गिअर बदलताना क्लचवर येणारा दाब हळूहळू वाढावा म्हणून स्प्रिंग आणि पिस्टनची जी उशी बसवलेली असते, तिला अक्युम्युलेटर म्हणतात. पहिल्या-दुसऱ्या गिअरचा अक्युम्युलेटर तुटला, तर तोच एक बदल कडक होतो, बाकीचे नीट राहतात. तुमच्याकडे रिव्हर्स टाकतानाही दणका बसतो. सर्व गिअरना समान असणारी गोष्ट एकच, ती म्हणजे पंपातून येणारा आणि नियंत्रित झालेला मुख्य दाब, ज्याला लाइन प्रेशर म्हणतात.

तुमच्यासारख्या गिअरबॉक्समध्ये हा दाब प्रेशर कंट्रोल सोलेनॉइड (विजेवर चालणारा व्हॉल्व्ह) ठरवतो आणि बहुतेक रचनांमध्ये त्याचे काम उलटे असते: विजेचा प्रवाह जास्त असेल तर दाब कमी होतो, प्रवाह शून्य झाला तर दाब कमाल होतो. वायर तुटली तरी क्लच घसरून जळू नये आणि माणूस घरी पोहोचावा, यासाठी ही योजना मुद्दाम केलेली असते. उदाहरण द्यायचे तर जनरल मोटर्सच्या ४एल६०-ई या गिअरबॉक्समध्ये प्रवाह शून्यापासून साधारण १.१ अँपिअरपर्यंत बदलतो, १.१ला दाब सर्वांत कमी आणि शून्याला सर्वांत जास्त असतो.

म्हणून शोधाची साखळी चार कड्यांची आहे आणि ती वरून खाली तपासावी, असे मी सुचवेन. पहिली कडी म्हणजे कंट्रोलरने (गिअरबॉक्स चालवणाऱ्या संगणकाने) मागितलेला प्रवाह. तोच चुकत असेल, तर त्याला खोटी माहिती कोण देते ते पाहावे लागते. थ्रॉटल पोझिशन सेन्सरची पट्टी एका जागी झिजली असेल, तर हलक्या पायालाही कंट्रोलर जोरदार समजतो. हवेचा प्रवाह मोजणारा सेन्सर मळला असेल, तर इंजिनाच्या जोराचा अंदाज चुकतो. आणि तेलाच्या तापमानाच्या सेन्सरची तार सुटली, तर कंट्रोलरला तेल उणे ४० अंशांवर असल्यासारखे दिसते. दुसरी कडी म्हणजे प्रत्यक्षात वाहणारा प्रवाह. मागणी योग्य आहे, पण प्रवाह नाही, असे असेल तर दोष तारा, कनेक्टर, सोलेनॉइडची गुंडाळी, अर्थ (बॉडीशी असलेली विजेची जोडणी) किंवा कंट्रोलर यांत आहे. तिसरी कडी म्हणजे प्रत्यक्ष दाब. प्रवाह बरोबर असूनही दाब जास्त असेल, तर व्हॉल्व्ह अडकतो आहे. चौथी कडी म्हणजे दाबही योग्य असताना बसणारा दणका. त्या वेळी अक्युम्युलेटर, माउंटिंग, क्लचमधील अंतर यांचा विचार करावा. गिअर बदलताना काही गाड्यांत इग्निशन क्षणभर मागे घेऊन इंजिनाचा जोर कमी केला जातो. तो इशारा पोहोचतो का, हेही तिथेच पाहायचे. तुमच्या गाडीचा गिअरबॉक्स उघडायचा की नाही, हा प्रश्न फक्त तिसऱ्या आणि चौथ्या कडीवर येतो.

तुमचा कोड-रीडर फक्त इंजिनाचा कंट्रोलर वाचत असण्याची दाट शक्यता आहे. गिअरबॉक्सचा कंट्रोलर वेगळा असेल, तर त्यातले कोड वाचणारा स्कॅनर लागतो. प्रमाणित ओबीडी कोडमध्ये (गाडीच्या स्वतपासणीच्या कोडमध्ये) पी०७०० हा केवळ ‘गिअरबॉक्सच्या कंट्रोलरकडे चौकशी करा’ असे सांगतो आणि खरा कोड, उदाहरणार्थ प्रेशर कंट्रोल सोलेनॉइडच्या विद्युत दोषाचा पी०७४८, दुसऱ्या जागी असतो. शिवाय बॅटरीची जोडणी काढल्यामुळे आधीचे कोड पुसले गेले असतील. आता पुन्हा बॅटरी काढू नका.

चावी बंद केल्यावर गाडी सुधारते, याचा माझ्या मते अर्थ असा की, कंट्रोलरला एकदा प्रवाहात खंड दिसला की तो सोलेनॉइड बंद करून टाकतो आणि पुढची चावी फिरेपर्यंत पुन्हा प्रयत्न करत नाही.

जुना_पाना

तारजोड यांच्या साखळीशी मी सहमत आहे, परंतु शेवटच्या निष्कर्षावर थोडे थांबावे अशी विनंती आहे. चावी बंद केली की केवळ कंट्रोलर बंद होत नाही, पंपही थांबतो. पंप थांबला की सर्व दाब शून्यावर येतो. वरच्या दाबाच्या बाजूला अडकलेला प्रेशर रेग्युलेटर व्हॉल्व्ह, म्हणजे दाब नियंत्रित करणारा व्हॉल्व्ह, अशा वेळी मोकळा होऊ शकतो. तेल गरम असताना घट्ट होणारे व्हॉल्व्ह मी पाहिले आहेत. अ‍ॅल्युमिनिअमच्या घरात बारीक कचरा अडकला की असे होते. म्हणून १५ सेकंदांच्या या प्रयोगातून विजेचा आणि व्हॉल्व्हचा, असे दोन्ही दोष शक्य ठरतात. निवाडा करायचा असेल तर प्रवाह आणि दाब एकाच वेळी, दोष चालू असताना मोजावे लागतील.

गिअरबॉक्सच्या बाजूला दाब मोजण्यासाठी एक लहान प्लग असतो. तो काढून तिथे किमान २० बारपर्यंतचा गेज लांब होजने जोडावा. रिव्हर्समध्ये दाब पुढच्या गिअरपेक्षा बराच जास्त जातो, म्हणून लहान मापाचा गेज वापरू नये. होज सायलेन्सरच्या नळीपासून आणि फिरत्या शाफ्टपासून दूर बांधा, कारण गरम तेल नळीवर पडले तर आग लागू शकते. गेज शेजारी बसलेल्या माणसाने वाचावा, चालवणाऱ्याने नाही. स्टॉल टेस्ट, म्हणजे ब्रेक दाबून पूर्ण रेस देण्याची चाचणी, या दोषासाठी आवश्यक नाही. ती पाच सेकंदांपेक्षा जास्त केल्यास तेल झपाट्याने फार तापते आणि जुन्या गिअरबॉक्सला ती मानवत नाही.

दुसरा_गिअर

मूळ विषयाला धरूनच एक प्रश्न विचारतो. माझ्या सध्याच्या गाडीचा गिअरबॉक्स पूर्णपणे हायड्रॉलिक आहे, त्यात कंट्रोलर नाही. एका बाजूला व्हॅक्युमची नळी जोडलेला डबा आहे. तिलाही कधीकधी असाच दणका बसतो. तिथे ही साखळी कशी लावावी?

जुना_पाना

त्या डब्याला व्हॅक्युम मॉड्युलेटर म्हणतात आणि सोलेनॉइडचे काम तिथे तो करतो. इंजिनाचा व्हॅक्युम कमी झाला की मॉड्युलेटर समजतो की चालकाने जोर मागितला आहे आणि दाब वाढवतो. म्हणून रबरी नळीला तडा गेला असेल किंवा ती सैल बसत असेल, तर प्रत्येक बदल कडक होतो. नळी मॉड्युलेटरच्या टोकाकडून काढून आत पाहा. तिच्यात गिअरबॉक्सचे तेल आढळले, तर आतला पडदा फाटलेला आहे. असे असेल तर इंजिन ते तेल ओढून जाळते, सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो आणि खाली एक थेंबही न गळता तेल कमी होत जाते. ज्या गाड्यांत मॉड्युलेटरऐवजी थ्रॉटल केबल असते, तिथे केबलचे अंतर पाहावे. टोयोटाच्या अशा अनेक गिअरबॉक्समध्ये अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असताना केबलवरचा ठोकळा आणि आवरणाचे टोक यांत शून्य ते एक मिलिमीटर अंतर असावे लागते.

धागाकर्ता

उत्तर द्यायला २३ दिवस लागले, कारण दोष पकडण्यासाठी तितकी वाट पाहावी लागली. जे घडले ते क्रमाने सांगतो.

गिअरबॉक्सचा कंट्रोलर वाचणारा स्कॅनर एका स्नेह्यांकडून मिळाला. त्यात पी०७४८ हा कोड ‘मागील नोंद’ म्हणून साठवलेला होता. तारजोड यांचा अंदाज खरा ठरण्याची ती पहिली खूण होती, पण जुना_पाना यांचा इशारा लक्षात ठेवून मी तिथे थांबलो नाही. प्रेशर गेज जोडला, होज नीट बांधून काचेपाशी आणली आणि स्कॅनरवर मागितलेला व प्रत्यक्ष प्रवाह शेजारी शेजारी ठेवला. माझा भाऊ रोज संध्याकाळी शेजारी बसून दोन्हींची मोबाइलवर चित्रफीत घेत होता.

गाडी नीट चालत असताना, इंजिन गरम आणि ड्राइव्हमध्ये उभे असताना, मागितलेला प्रवाह ०.९८ अँपिअर, प्रत्यक्ष ०.९७ आणि दाब जेमतेम ४ बार दिसत होता. नवव्या फेरीत एका चढावर जोर दिला आणि मागितलेला प्रवाह ०.४ असताना प्रत्यक्ष प्रवाह एकदम शून्य झाला. त्याच क्षणी गेजचा काटा १२ बारच्या पुढे गेला आणि पुढचा गिअर दणक्याने पडला. नंतर सिग्नलला थांबल्यावरही प्रत्यक्ष प्रवाह शून्यच राहिला आणि उभ्या गाडीतही दाब जवळपास तितकाच होता. म्हणजे साखळी दुसऱ्या कडीवर तुटते. व्हॉल्व्ह त्याला मिळालेल्या आज्ञेप्रमाणेच वागत आहे आणि गिअरबॉक्स आतून दोषी नाही. पाच महिन्यांनी हे निश्चित समजले, तेव्हा मला किती हलके वाटले ते शब्दांत सांगणे कठीण आहे.

त्यानंतर गाडी गरम असतानाच उचलून घेतली, चावी बंद केली, कंट्रोलरकडचा कनेक्टर सोडवला आणि तिथून सोलेनॉइडच्या दोन तारांमधला रेझिस्टन्स मोजला. थंड असताना तो ४.१ ओहम होता, आता ५.१ दाखवत होता.

तारजोड

इथे एक गोष्ट इतर वाचकांसाठी लिहून ठेवतो. ४.१चा ५.१ झाला म्हणून सोलेनॉइड खराब समजू नये. तांब्याचा रेझिस्टन्स दर अंशाला साधारण ०.४ टक्क्याने वाढतो. २० अंशांवर ४.१ ओहम असलेली गुंडाळी ८० ते ९० अंशांवर पाच ओहमच्या थोडी पुढे जाणारच. पुस्तिकेतले आकडे बहुधा २० अंशांचे असतात आणि गरम सोलेनॉइड त्या आकड्यांशी ताडून अनेक चांगले सोलेनॉइड फेकून दिले जातात. आता मीटर जोडलेलाच ठेवा आणि कंट्रोलरपासून गिअरबॉक्सपर्यंत हार्नेस (तारांचा जुडगा) थोडा थोडा हलवत जा. मीटरचा आकडा कुठे उडतो ते पाहा.

गिअरबॉक्सच्या बाहेरचा गोल कनेक्टर सोडवाल तेव्हा आत तेल आहे का तेही पाहा. काही रचनांमध्ये तिथली सील गळते आणि तेल तारेच्या आतून चढत कंट्रोलरपर्यंत पोहोचते. मर्सिडीजच्या ७२२.६ गिअरबॉक्सच्या कनेक्टरबाबत हे प्रसिद्धच आहे.

धागाकर्ता

हार्नेस सगळीकडे हलवला, पण आकडा स्थिर राहिला. मग इंजिनाकडे लक्ष गेले. गाडी चालत असताना हार्नेस कोणी हाताने हलवत नाही. त्याला हलवणारी वस्तू इंजिनच असते. मदतनीसाने लाकडी ठोकळा मध्ये ठेवून सुटलेल्या माउंटिंगच्या बाजूने इंजिन जॅकने हळूच बोटभर उचलले, आणि मीटर ५.१वरून थेट ‘जोडणी तुटली’ असे दाखवू लागला. जॅक खाली केला की ५.१ परत. हे आम्ही सहा वेळा करून पाहिले.

माउंटिंग तुटल्यामुळे जोर देताना इंजिन आणि गिअरबॉक्स एका बाजूला कलतात, गिअरबॉक्सवरच्या कनेक्टरकडे जाणारा हार्नेस बॉडीला एका क्लिपने बांधलेला असल्यामुळे ताणला जातो आणि कनेक्टर तिरका ओढला जातो. जे वेगळे दुखणे समजून मी बाजूला ठेवले होते, ते याच दुखण्याचा अर्धा भाग निघाले.

उरलेला अर्धा भाग कनेक्टरच्या आत होता. तो कोरडा होता, तेल नव्हते. प्रेशर कंट्रोल सोलेनॉइडच्या एका तारेची मादी पिन मात्र इतर पिनांच्या तुलनेत उघडलेली, पसरलेली दिसत होती.

तारजोड

ती पिन पसरण्याचे सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे कधीतरी कोणीतरी मीटरची जाड सुई समोरून तिच्यात खुपसली असणार. मादी पिनच्या आतली स्प्रिंगची जीभ एकदा वाकली की नर पिनला ती घट्ट धरत नाही. वरून पाहता सगळे जोडलेले दिसते. थंड असताना संपर्क टिकतो आणि गरम झाल्यावर प्लॅस्टिक व धातू वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावले की थोड्या ओढीनेही सुटतो. म्हणून सुई नेहमी कनेक्टरच्या मागच्या बाजूने, तारेलगत सरकवावी. समोरूनच मोजायचे असेल, तर त्याच मापाची सुटी नर पिन आत घालून तिच्यावर मोजावे. तीच सुटी पिन प्रत्येक मादी पिनमध्ये घालून बाहेर ओढून पाहिली की पकडीतला फरक बोटांना स्पष्ट जाणवतो. जुन्या गाडीच्या तपासात ही साधी चाचणी अनेक महागड्या उपकरणांपेक्षा उपयोगी पडलेली मी पाहिली आहे.

पिन चिमट्याने दाबून पुन्हा वापरू नका. नवीन पिन योग्य क्रिंपिंग पक्कडीने बसवा, हार्नेसला दोन-तीन सेंटिमीटर ढील मिळेल अशी क्लिप सरकवा आणि माउंटिंगची जोडी एकत्र बदला. नुसती पिन बदलून माउंटिंग तसेच ठेवले, तर नवी पिनही काही काळाने सैल होईल. काम चालू आहे तोवर गिअरबॉक्सच्या अर्थची पट्टीही तपासा: इंजिन, दिवे आणि पंखा चालू ठेवून बॅटरीच्या ऋण टोकापासून गिअरबॉक्सच्या बॉडीपर्यंत व्होल्टेज मोजले, तर ते ०.१ व्होल्टपेक्षा कमी यायला हवे.

धागाकर्ता

पिन, दोन्ही इंजिन माउंटिंग आणि गिअरबॉक्सखालचे माउंटिंग बदलून आज सात आठवडे झाले. अर्थचे मोजमाप ०.०४ व्होल्ट आले, म्हणून पट्टी तशीच ठेवली. जॅकने इंजिन पूर्वीइतकेच उचलून पाहिले, मीटर हलला नाही. त्यानंतर गेज जोडलेला ठेवून मुद्दाम गरम गाडी त्याच चढावर ११ वेळा नेली. प्रत्यक्ष प्रवाह मागणीच्या मागोमाग चालतो, उभ्या गाडीत दाब ४ बारच्या आसपास राहतो आणि स्कॅनरमध्ये नवा कोड नोंदलेला नाही. गेज काढून प्लग नव्या वॉशरसह परत बसवला.

एक शंका उरली आहे. पाच महिने गिअरबॉक्स अधूनमधून कमाल दाबावर चालला, त्यामुळे आत काही नुकसान झाले असेल का, आणि गिअर मऊ बदलावा म्हणून कंट्रोलरने शिकलेली जुनी मूल्ये पुसावीत का?

जुना_पाना

जास्त दाबाने क्लच प्लेट घसरत नाहीत, त्यामुळे त्यांची झीज या काळात वाढली असण्याची शक्यता कमी आहे. ताण पडला असेल तो अक्युम्युलेटरच्या पिस्टनवर, स्प्लाइनवर (शाफ्टच्या दात्यांवर) आणि प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसवर. क्रॉसमधला खेळ हाताने शाफ्ट फिरवून आत्ताच पाहून घ्या. पहिल्या-दुसऱ्या गिअरचा बदल पुढे एकटाच कडक होऊ लागला, तर त्या वेळी अक्युम्युलेटरचा विचार करू.

शिकलेली मूल्ये पुसू नका. गाडी आत्ता मऊ चालते आहे, म्हणजे ती मूल्ये या गिअरबॉक्सला जुळलेली आहेत. पुसल्यास कंट्रोलरला पुन्हा सुरुवातीपासून शिकावे लागेल आणि त्या काळात बसणारे धक्के पाहून तुम्हाला विनाकारण जुनी शंका येईल. वही मात्र गाडीतच राहू द्या आणि पुढच्या तेलबदलाच्या वेळी चुंबकावरचा थर कसा दिसतो ते याच धाग्यावर लिहा.